तोतयाची जबानी

वृद्धास तरुण भासविण्याच्या विद्येत मनुष्यजातीने जी प्रगती केली आहे, तिच्या शतांशाइतकीही प्रगती तरुणास वृद्ध भासविण्याच्या विद्येत तिने कालपरवापर्यंत केलेली नव्हती. केसांना कलप, तोंडात कवळी आणि स्थळ सांगून आलेल्या वराच्या जन्मतारखेत सोयीस्कर सैलपणा, ही पहिल्या प्रकारची साधने पूर्वापार घरोघर उपलब्ध आहेत. परंतु एखाद्या धडधाकट, चपळ आणि कुशाग्र तरुणास समोर बसवून, ‘तू आजपासून अर्धवट बहिरा, अतिशय मंद आणि कमालीचा विसराळू हो, आणि हे सारे इतक्या बेमालूमपणे कर की, तुझ्या आजोबांचे हयात स्नेही तुला आजोबा समजून मिठी मारतील,’ असे शिकविणारी पाठशाळा कोणी काढल्याचे ऐकिवात नव्हते. संगणकशास्त्राने ती उणीव भरून काढली आहे. त्या पाठशाळेतून बाहेर पडणाऱ्या स्नातकास इम्युलेटर म्हणतात.

अशा स्नातकाची आवश्यकता का भासावी, हे समजण्यासाठी या क्षेत्रातील कालगतीचा थोडा अंदाज असावा लागतो. १९८१ च्या ऑगस्टात आयबीएम कंपनीने जो वैयक्तिक संगणक विक्रीस काढला, त्याचे काळीज सेकंदाला ४७ लाख ७० हजार ठोके देत असे, आणि त्या काळी ती गती डोळे दिपविणारी समजली जाई. आज घरोघरी धूळ खात पडलेला लॅपटॉपही तेवढ्याच अवधीत २००-३०० कोटी ठोके सहज देतो आणि तरीही त्याचा मालक ‘फार स्लो झालाय’ अशी तक्रार करतो. जुन्या यंत्रात आज्ञावलीच्या वाट्याला फार तर ६४० किलोबाइट स्मृती येत असे. तीत आजच्या लग्नातल्या एका छायाचित्राचा फार तर फेट्यापुरता भाग मावेल. पण त्या ६४० किलोबाइटांत पतपेढ्यांचे हिशेब, दुकानांच्या उधाऱ्या, कारखान्यांचे पगारपत्रक आणि काही लेखकांच्या अख्ख्या कादंबऱ्या सुखेनैव नांदल्या. पुढे यंत्रे बदलली. चौसष्ट बिटांच्या विंडोजने तर सोळा बिटांच्या जुन्या आज्ञावल्यांना सरसकट मुलूखबंदी फर्माविली, आणि कोणी जुनी फाइल उघडू पाहील तर, हा प्रोग्राम या संगणकावर चालणार नाही अशा आशयाची नोटीस बजावून रदबदलीस जागाच ठेवली नाही. जुना माल शाबूत, जुने मालक शाबूत, फक्त माल ज्या भाषेत बोलतो ती भाषा जाणणारे यंत्र तेवढे भंगारात गेलेले, असा हा पेच होता.

सोंग घेण्याची कल्पना अर्थातच नवी नाही. एक पुरेसे सर्वसमावेशक यंत्र अन्य कोणत्याही गणकयंत्राची नक्कल करू शकते, हे ॲलन ट्युरिंग याने १९३६ साली, म्हणजे असे यंत्र प्रत्यक्षात येण्यापूर्वीच, कागदावर सिद्ध करून ठेवले होते. १९६४ च्या एप्रिलमध्ये आयबीएमने ‘सिस्टिम ३६०’ हा नवा संगणकपरिवार जाहीर केला, तेव्हा १४०१ या पूर्वीच्या यंत्रावर आपले सारे हिशेब बसवून स्वस्थ झालेली गिऱ्हाइके बिथरू नयेत, म्हणून नव्या यंत्राच्या पोटातच जुन्याचे सोंग घेण्याची सोय करून देण्यात आली. गिऱ्हाइकाने मोठी रक्कम मोजून नवे यंत्र घ्यावे आणि घरी नेल्यावर त्याच्याकडून मुकाट्याने जुनेच काम करून घ्यावे, ही व्यापारी तडजोड इतकी मनुष्यस्वभावानुकूल होती की, तिच्यानंतर या विद्येला मरण नव्हते.

आमच्या इतिहासाशी परिचित असलेल्या वाचकास येथे भाऊसाहेबांच्या तोतयाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. परंतु ते पडलेले अनेकांना मान्य नव्हते, आणि या अमान्यतेच्या बळावर एका गृहस्थाने भाऊसाहेब म्हणून कोकणातले किल्लेसुद्धा काही काळ ताब्यात ठेवले. पुढे पुण्यास त्याची चौकशी झाली, जबानीत तो टिकला नाही आणि १७७६ साली त्यास देहान्त शासन झाले. इम्युलेटर हाही तोतयाच. मात्र याची जबानी टिकते. जुनी आज्ञावली स्वभावाने संशयी असते. जागी होताच ती यंत्राची उलटतपासणी आरंभते: तू कोणत्या जातीचा संगणक? तुझी स्मृती किती? तुझ्यापाशी साउंड ब्लास्टर ध्वनिकार्ड आहे म्हणतोस, तर त्याचा पत्ता सांग. तोतया शांतपणे सांगतो: २२०. व्यत्यय आणावयाचा झाल्यास कितव्या क्रमांकाने आणावा? ७. आणि डीएमए? १. वास्तविक त्या देहात साउंड ब्लास्टर नावाची वस्तू औषधालाही नसते, २२० या पत्त्यावर कोणी राहत नसते. परंतु उत्तरे अचूक असल्यामुळे म्हातारी गहिवरते, ‘हेच ते’ म्हणते आणि गाऊ लागते.

या तोतयांपैकी आमच्याकडे सर्वाधिक परिचित तो डॉसबॉक्स. २००२ साली तो प्रथम अवतरला तो मुख्यतः जुने खेळ खेळता यावेत म्हणून. त्याची काळी खिडकी उघडली की माथ्यावर ‘३००० सायकल्स’ अशी पाटी दिसते; जुन्या यंत्राने इतक्या अवकाशात इतके काम करावे, यापलीकडे एक तसूभरही करू नये, असा तो रोजमुरा आहे. कंट्रोल आणि एफ-११ दाबले की गती उतरते, एफ-१२ ने चढते. मनुष्य आपल्या यंत्रास अधिक मंद होण्याची आज्ञा देतो आणि ते मंद झाल्याचे पाहून समाधानाचा सुस्कारा सोडतो, हे दृश्य विसाव्या शतकातील कोणाही अभियंत्यास दाखविले असते तर त्याने वैद्यास पाचारण केले असते. तरीही मंदपणा हा चोचला नव्हे. जुन्या खेळांचे कर्ते यंत्राची गती हीच घड्याळाच्या ठिकाणी धरून चालत. नव्या यंत्रावर तो खेळ मोकळा सोडला तर नायक कळ दाबण्यापूर्वीच दरीत पडून, मरून, पुन्हा जन्म घेऊन दुसऱ्या दरीपाशी पोहोचलेला असतो.

गतीमुळे होणाऱ्या अपघातांत माझा सर्वांत आवडता अपघात टर्बो पास्कल या भाषेचा आहे. त्या भाषेत लिहिलेले असंख्य कार्यक्रम सुरू होतानाच यंत्राची परीक्षा घेत: घड्याळाच्या एका टोल्याच्या अवधीत, म्हणजे ५५ सहस्रांश सेकंदांत, हे यंत्र किती गिरक्या घेते ते मोजून त्या संख्येस ५५ ने भागीत. परीक्षकाच्या वहीत उत्तराचा रकाना मात्र लहान होता. पेंटियमच्या उत्तरकाळात, यंत्रे २०० मेगाहर्ट्झच्या आसपास पोहोचली तेव्हा, उत्तर त्या रकान्यात मावेना. आणि यंत्राने परीक्षेत इतके गुण मिळविले की परीक्षक भोवळ येऊन पडावा, तसा कार्यक्रम ‘रनटाइम एरर २००’ असे ओरडून गतप्राण होऊ लागला. अपराधाचे कारण म्हणून शून्याने भागल्याचा आरोप ठेवला जाई. कोणीही शून्याने भागलेले नसे. अतिहुशारीवर असा खोटा आळ येण्याची उदाहरणे इतर खात्यांतही आढळतात. परंतु तेथे ती इतक्या स्पष्ट अक्षरांत पडद्यावर लिहून येत नाहीत.

नक्कल करावयाची म्हणजे गुणांची करून भागत नाही, दोषांचीच अधिक निष्ठेने करावी लागते, हे या विद्येचे खरे रहस्य आहे. पहिल्या आयबीएम यंत्रास एक मेगाबाइटच्या पलीकडचे पत्ते ठाऊक नव्हते. कोणी त्यापलीकडचा पत्ता मागितला तर ते निमूटपणे पहिल्या घरापाशी आणून सोडी. हा अज्ञानाचा दोष काही धूर्त कार्यक्रमकर्त्यांनी सोय म्हणून वापरण्यास आरंभ केला. १९८४ साली आलेल्या एटी नामक यंत्रास पुढचे पत्ते ठाऊक झाले, आणि तेवढ्यावरून जुने कार्यक्रम वाट चुकू लागले. तेव्हा ज्ञानी यंत्रास हवे तेव्हा अज्ञानी करण्यासाठी एक फाटक बसविण्याचे ठरले. आता हे फाटक उघडण्या-मिटण्याचे काम कोणाकडे द्यावे? कळफलकाच्या नियंत्रक चिपची एक पिन रिकामी होती. ते काम तिच्याकडे गेले. कोणत्याही कचेरीत जाऊन पाहावे, आवक-जावकीच्या कारकुनाच्या हाती दहा मिनिटे मोकळी दिसली की कोठीच्या किल्ल्यांचा अतिरिक्त कार्यभार त्याच्याच गळ्यात पडतो, आणि मग तीस वर्षे कोठी उघडायची म्हटले की टपाल थांबते. ‘ए-२० गेट’ या नावाने ही व्यवस्था पुढे कित्येक पिढ्यांच्या यंत्रांत वंशपरंपरेने चालत राहिली, आणि जुन्या यंत्राचे सोंग घेणाऱ्यास आजही हे फाटक, ती पिन आणि तो त्रागा यांसकट सारे बारकाईने उभे करावे लागते.

दोषांविषयीची ही आपुलकी तोतयांपुरतीच मर्यादित नाही. विंडोज ९५ तयार होत असताना असे आढळून आले की, सिमसिटी हा नगररचनेचा लोकप्रिय खेळ जी स्मृती ‘परत केली’ म्हणून सांगतो, तीच पुढे बिनदिक्कत वापरीत राहतो; पूर्वीच्या विंडोजमध्ये हे खपून जाई, नव्यात खेळ कोसळू लागला. नियमाप्रमाणे दोष खेळाचा होता. परंतु मायक्रोसॉफ्टच्या मंडळींनी खेळाच्या कर्त्याला नोटीस काढली नाही. त्यांनी नव्या विंडोजमध्येच अशी तरतूद केली की, चालू असलेला पाहुणा सिमसिटी आहे असे दिसताच, त्याने परत केलेली स्मृती काही काळ कोणालाही देऊ नये. घर सोडल्याची पावती देऊनही तेथेच जेवायला येणाऱ्या भाडेकरूस इतकी अदब आमच्या शहरात कोणी दाखविल्याचे मला स्मरत नाही.

निर्दोष सदोषता मात्र फार महाग पडते. निन्टेन्डोचे सुपर निन्टेन्डो हे खेळयंत्र १९९० साली जपानात आले. त्याच्या मेंदूची कमाल गती ३.५८ मेगाहर्ट्झ. त्याचे ओबडधोबड सोंग काहीशे मेगाहर्ट्झच्या यंत्रावर सहज वठे. परंतु २०११ च्या सुमारास एका तत्त्वनिष्ठ इम्युलेटरकर्त्याने मूळ यंत्रातील प्रत्येक चिपची प्रत्येक हालचाल नेमक्या क्षणी झालीच पाहिजे असा आग्रह धरला, आणि त्यासाठी यंत्र लागले ते ३ गिगाहर्ट्झचे! म्हणजे मूळ पुरुषाच्या सुमारे आठशेपट बलवान मनुष्य नेमावा, तेव्हा कोठे मूळ पुरुष जसा अडखळे तसा तो अडखळणार. यावरून अडखळणे ही किती उच्च कोटीची कला आहे हे ध्यानी यावे. हौशी मंडळी याच्याही पुढे जातात. नव्या सपाट, सुबक पडद्यावर ती जुन्या काचेचा फुगवटा, आडव्या अंधुक रेषा आणि कडांना पसरलेला रंग मुद्दाम रंगवून घेतात. ज्या रेषांनी आमच्या पिढीस चष्मे लावले, त्या मिळविण्यासाठी आता वेगळी व्यवस्था करावी लागते.

आमच्या मुलखात या विद्येस राजाश्रय मिळाला तो खेळांमुळे नव्हे, अभ्यासक्रमामुळे. टर्बो सी++ नावाचा बोरलँड कंपनीचा संकलक गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकाच्या आरंभीचा. त्याचा निळा पडदा आणि त्यावरील पिवळी अक्षरे आमच्याकडील कित्येक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत इतकी रुजली की, यंत्रे बदलली, विंडोजच्या आवृत्त्या बदलल्या, छताचे पंखे जाऊन वातानुकूलन आले, तरी निळा पडदा हटला नाही. आणि नवी विंडोज त्यास थारा देईना तेव्हा त्याला डॉसबॉक्सच्या पालखीत बसवून आत आणण्यात आले. आजचा विद्यार्थी, ज्याच्या खिशातील दूरध्वनी सबंध प्रयोगशाळेपेक्षा बलवान आहे, तो ‘माउंट सी’ असा मंत्र उच्चारून तीस वर्षांपूर्वीच्या यंत्रात उतरतो, ‘आयओस्ट्रीम डॉट एच’ लिहितो, जे १९९८ सालच्या प्रमाणभाषेने टाकून दिले आहे, ‘क्लियरस्क्रीन’ करतो, शेवटी ‘गेटसीएच’ लिहावयास विसरतो, उत्तर विजेसारखे चमकून नाहीसे होते, आणि शेजारचा मित्र जाणत्याच्या आवाजात म्हणतो, “अरे, आल्ट एफ-फाइव्ह दाब!” मग उंदीर खिडकीत कोंडला जातो. त्यास सोडविण्याची कळ कंट्रोल एफ-१० ही असून, ती ज्यास ठाऊक असते तो त्या वर्गात पुढारी होतो. विश्वनाथ नावाच्या मुलाने आपल्या नावाने ठेवलेली फाइल आत ‘VISHWA~1’ पाशी तुटते. आठ अक्षरांहून लांब नाव बाळगण्याची डॉसच्या राज्यात कोणासही मुभा नाही. बहिःस्थ परीक्षक येतात, निळा पडदा पाहून त्यांना स्वतःचे महाविद्यालयीन दिवस आठवतात, आणि तोंडी परीक्षा सौम्य होते. अभ्यासक्रम न बदलण्यामागील हे कारण कोणत्याही मंडळाच्या इतिवृत्तात नमूद नाही. परंतु मला तेच सर्वांत सबळ वाटते.

या विद्येचा प्रत्यक्ष लोकोपयोग मी पाहिला तो आमच्या शेजारी राहणाऱ्या, एका पतसंस्थेतून निवृत्त झालेल्या हिशेबनीसकाकांच्या घरी. संस्थेच्या जुन्या सभासदांपैकी एकाच्या मुलास वडिलांच्या भागाचा दाखला हवा होता, छापील वह्या वाळवीने आधीच निकालात काढल्या होत्या, आणि उरली होती ती काकांनी माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात गुंडाळून ठेवलेली फ्लॉपी. काकांचा पुतण्या अभियांत्रिकीच्या वर्गात असल्यामुळे, म्हणजेच डॉसबॉक्सच्या मुलखाचा रहिवासी असल्यामुळे, त्याने कोठून तरी फ्लॉपी वाचणारे यंत्र पैदा केले आणि हिशेबाचा कार्यक्रम सुरू करून दाखविला. काकांनी सवयीने ‘वार्षिक व्याज’ या पर्यायावर बोट ठेवले, आणि उठून आत जाऊ लागले. कारण नोकरीत असताना ही कळ दाबली की मनुष्याने खाली जाऊन चहा घ्यावा, पान लावावे, आणि वर येईतो यंत्र तीनचतुर्थांश वाटेवर असावे, असा प्रघात होता. काका दारापर्यंत पोहोचण्यापूर्वीच व्याज निघून तयार होते.

“चुकलंय काहीतरी,” काका म्हणाले. “एवढ्या वेळात व्याज निघत नसतं.”

पुतण्याने आकडे जुळतात हे दाखविले. काकांनी चार खाती स्वतः कागदावर तपासली. पैसा न् पैसा बरोबर निघाला. तरी त्यांच्या मुद्रेवरील शंका ओसरेना, तेव्हा पुतण्याने कंट्रोल एफ-११ दाबत दाबत सायकल्स खाली आणल्या, आणि व्याज पुन्हा, रीतसर, एक एक खाते ओलांडीत निघू लागले. काका प्रसन्न होऊन चहास गेले.

खरी अडचण पुढेच होती. सभासदांची नावे मराठीत होती. त्या काळी डॉसवर मराठी दिसे ती पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डामुळे. हे कार्ड यंत्राच्या पोटात खोचले की पडद्यावर देवनागरी उमटे, आणि आत अक्षरे इस्की नामक संकेतावलीत साठविली जात. डॉसबॉक्स सांताक्लाराच्या चिपांपासून सिंगापुरी ध्वनिकार्डापर्यंत सर्वांची जबानी पाठ करून आलेला, परंतु पुण्याच्या या कार्डाविषयी त्याला कोणी पढविलेले नाही. त्यामुळे इस्कीतील अक्षरे तो आयबीएमच्या मूळ वर्णसंचातून दाखवितो, आणि योगायोग असा की, ज्या क्रमांकांवर इस्कीने ‘क’ पासून ‘ह’ पर्यंत सारी व्यंजने बसविली आहेत, नेमक्या त्याच क्रमांकांवर आयबीएमने चौकटी आखण्याच्या रेघा बसविल्या आहेत. परिणामी ज्याचे नाव वाचावे त्याच्या जागी एखाद्या कोऱ्या पावतीपुस्तकाची मोडतोड झालेली दिसते. ‘क’ म्हणजे नुसती उभी रेघ. ओकार म्हणजे ग्रीक सिग्मा. हलन्त हा फाय.

पुतण्या हतबुद्ध झाला. काका मात्र वीस वर्षे त्या फाइलींवर पोसलेले. मधूनमधून जिस्ट कार्ड बिघडे आणि दुरुस्त होऊन येईतो महिना महिना त्यांनी याच रेघांवर काम रेटलेले. त्यांनी चष्मा पुसला, पडद्याशी वाकले आणि बोट ठेवून वाचू लागले. दाखला मागणारा वारस दुसऱ्या दिवशी आला, तेव्हा काकांनी त्यालाही तो पडदा दाखविला. एक उभी रेघ, एक भरीव काळा ठोकळा, दुहेरी उभ्या दांडीस छेदून गेलेली एक आडवी रेघ, आणि शेवटी एका उभ्या रेघेस उजवीकडे फुटलेल्या दोन आडव्या रेघा.

“हे माझ्या वडलांचं नाव?” वारसाने विचारले.

“किसन,” काका म्हणाले. “मी स्वतः टाइप केलंय.”

“आणि हा काळा ठोकळा?”

“ती वेलांटी.”

वारसाने बराच वेळ ठोकळ्याकडे निरखून पाहिले. शिक्षकाच्या पोटचा असावा.

“ऱ्हस्व का दीर्घ?”

“ऱ्हस्व,” काका म्हणाले. “दीर्घाचा ठोकळा अर्धा असतो.”